मोटारीचं माहेर

फोटोत तरुण सासूबाई एका मोटारीला ओवाळताहेत. बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक आणि झेंडूचा हार. "दसऱ्याची पूजा, आमच्या मोटारीची," हे मी लग्न झाल्यापासून तीस वर्षं त्यांच्याकडून ऐकतेय, पण ह्या घरात कधी मोटार होती यावर माझा विश्वास नव्हता. एकदाचा सोक्षमोक्ष लागावा म्हणून मी जुन्या गाड्यांचे जाणकार शेजवलकर यांना चहाला बोलावलं.

त्यांनी भिंग लावलं. "हिलमन मिंक्स," म्हणाले, आणि नंबरप्लेटवर अडकले. चहा निवला. "अहो, ही तर आमची गाडी! माझ्या बाबांची!"

मी सासूबाईंकडे बघितलं. त्या पदराचं टोक पिळत होत्या. "ह्यांची सायकल ऐन दसऱ्याला दुरुस्तीला. तबक तयार, फोटोवाला दारात. समोर कुणाची तरी मोटार उभी होती. म्हटलं, पूजा कशाला चुकवायची?"

मी जिंकले होते, पण त्यांचा उतरलेला चेहरा बघवेना.

शेजवलकर मात्र हसत होते. "ते स्वस्तिक तुमचं होय! गाडी विकेपर्यंत बाबांनी ते पुसू दिलं नाही. आई दर दसऱ्याला तेच गिरवायची. काकू, गाडी निम्मी तुमचीच."

सासूबाईंनी पदर सोडला. "ऐकलंस?" मला म्हणाल्या. "जा, ताजा चहा टाक. आपल्या मोटारीच्या माहेरची माणसं आहेत."