गाडी काढली

“निघालीच समजा आजी, गाडी काढलीय! नातवाला आडवं करू नका, बसतं धरा. आणि दार उघडं ठेवा,” असं सांगून काकांनी फोन ठेवला आणि कपाळावरचा घाम पुसला. रुग्णवाहिकांच्या त्या खोलीत फोन घेण्यात त्यांची हयात गेली होती, तरी लहान पोराचा फोन आला की ते खुर्चीतून उठून उभेच राहायचे. हे पोर तर दम लागून निळं पडत चाललं होतं.

पलीकडच्या टेबलावर मास्तरीणबाईचाही जीव भांड्यात पडला. समोर पडद्यावर जावईबापूंचं उत्तर आलं होतं: ‘सात नंबरची गाडी काढली.’

जावईबापू म्हणजे गाड्यांचा कारभार बघायला नवीन आणलेलं यंत्र. बोललेलं त्याला समजायचं आणि कामंही पटापट करायचं, पण सगळं हातात द्यावं लागायचं, म्हणून काकांनी ठेवलेलं हे नाव. त्याच्या हाताशी कामाची अवजारं दिली होती, म्हणजे एकेका कामासाठी संगणकातलीच एकेक सोय. कोणतं अवजार काय करतं, हे त्याला लिहून देणारी ती मास्तरीणबाई; हे नावही काकांचंच. तिला तोकडं लिहायची भारी हौस. शहाण्याला शब्दाचा मार, म्हणायची.

फोन पुन्हा वाजला. “अहो, कुठवर आली गाडी?” आजी रडत होती. मागून पोराचा श्वास ऐकू येत होता, करवत चालावी तसा.

“वाटेत आहे, आजी. धीर धरा.”

मास्तरीणबाईला बसवेना. ती खिडकीशी गेली आणि जागीच थिजली. खाली आवारात सात नंबरची गाडी उभी होती. ड्रायव्हर शीळ घालत पाइपनं तिची चाकं धूत होता.

“काका, जावईबापूंना तुम्ही काय सांगितलंत? अगदी नेमकं सांगा.”

“काय म्हणजे? सात नंबरची गाडी काढा म्हटलं. पत्ता तर त्याच्यासमोर होताच. आणखी काय आरती ओवाळू त्याची?”

तिच्या पायाखालची जमीन सरकली. बिघडलेली गाडी यादीतून वगळायचं एक अवजार होतं. त्याच्यापुढे तिनं स्वतःच्या हातानं दोनच शब्द लिहिले होते: ‘गाडी काढते.’ जावईबापूंनी काकांचा शब्द तिच्या शब्दाशी जुळवला, धडधाकट गाडी यादीतून काढून टाकली आणि इमानदारीत तसं कळवलंही. त्यांचं काय चुकलं? चुकलं ते हिचं.

ती धावत सुटली. एक चप्पल जिन्यातच राहिली. “गाडी काढा! अहो, हातातलं टाका, आधी गाडी काढा!” ती अर्ध्या जिन्यातूनच ओरडली. ड्रायव्हरनं पाइप फेकला, पत्ता विचारला आणि पाणी निथळत्या गाडीसकट तो फाटकाबाहेर पडला. त्या शब्दाला दुसरा काही अर्थ असेल, हे त्याच्या मनातही आलं नाही.

धापा टाकत ती वर आली, तर काकांच्या कानाला दुसराच फोन. कुणी बाई जिन्यावरून पडली होती. काका पडद्याकडे साप बघावा तसे बघत होते.

“अगं, आता याला काय म्हणू? माझी जीभच उचलत नाही.”

“पाठवा म्हणा. चार नंबरची गाडी पाठवा. दुसरा शब्द नको.”

‘चार नंबरची गाडी पाठवली,’ जावईबापू म्हणाले. या खेपेला दोघंही खिडकीशी गेले. गाडी फाटकाबाहेर पडलेली डोळ्यांनी पाहिली, तेव्हाच तिथून हलले.

मग ती लिहायला बसली. ते दोन शब्द तिनं पुसले आणि लिहिलं: ‘नादुरुस्त गाडी कामाच्या यादीतून वगळते. यानं कोणतीही गाडी कुठेही जात नाही. “गाडी काढा” असं कुणी म्हणालं, तर त्याला गाडी पाठवून हवी असते; तेव्हा हे अवजार वापरू नये.’ तिनं ते वाचलं, पुन्हा वाचलं. हेच काल लिहायला काय धाड भरली होती, असं तिला झालं. आजीचा फोन काही येत नव्हता. देवा, वाजू दे, असं वाटायचं, आणि लगेच, नको, वाजूच नको देऊस.

तो वाजलाच. काकांनी उचलला. आजी इतक्या मोठ्यानं बोलत होती की सगळं खोलीभर ऐकू येत होतं.

“पोहोचली हो गाडी! नळी लावलीय, पोरगं नीट श्वास घ्यायला लागलंय. डोळे उघडून मलाच म्हणतं, आजी, रडू नको!” तिला हुंदका आला. “अहो, ज्यानं कुणी गाडी काढली ना, त्याच्या लेकराबाळांचं भलं होवो!”

काकांनी मास्तरीणबाईकडे पाहिलं. ती मान खाली घालून बसली होती.

“इथंच आहे ती, आजी,” ते म्हणाले आणि रिसीव्हर तिच्यापुढे धरला.