पुढचा खांदा

पहिला दांडका बसला तो वरच्या आळीच्या वाल्मीकच्या कानशिलात. त्यानंतर कुणी कुणाला हाणलं, ते देवीलाच ठाऊक.

कुसाबाई गुरवीण देवळाबाहेर आली तर पायऱ्यांखाली वाघच नव्हता. देवीचा मुखवटा तिच्या पदरात होता. यात्रेच्या दिवशी तो गाभाऱ्यातून तिनं आणायचा, लाकडी वाघाच्या पाठीवर बसवायचा आणि मगच वाघ उचलायचा, अशी रीत. "देवी बसली की वाघ तिचा," सासू सांगायची, "नाहीतर वाघ म्हणा, वाघोबा म्हणा, खायचं ते खातोच." यंदा मळवट भरून होईतो तरी दम धरायचा की नाही! पण कसलं काय. वाघाचा पुढचा खांदा कुठल्या आळीचा, यावरून बाप्ये हातघाईवर आले आणि खालच्या आळीनं वाघ तसाच उचलून पळवला.

"थांबा रे! देवी इथं हाय!" कुसाबाई ओरडली. डीजेपुढं तिला कोण विचारतो!

चावडीपाशी पहारी, टिकावाचे दांडे, जे हाताला लागेल ते चाललं होतं. वाल्मीकला चौघांनी भिंतीशी पाडून तुडवला, तो हलेनासा झाला तरी तुडवतच राहिले. आणि वाघाच्या पुढच्या खांद्याला, कपाळ फुटलेला, तिचाच योगेश. सकाळी शहरातल्या गंगापूर रोडच्या शोरूममधून रजा काढून इस्त्रीच्या शर्टात आलेला. आता एका हातात वाघाचा दांडा, दुसऱ्यात कोयता. एकुलता एक पोरगा, आज मरणार नाहीतर मारणार.

ती तशीच घुसली. कुणाची तरी काठी पाठीत बसली, तिला कळलंसुद्धा नाही. योगेशसमोर जाऊन तिनं पदर उघडला.

"योग्या, टाक तो कोयता! वाघ रिकामा हाय रे बाबा. आई माझ्यापाशी हाय."

योगेशच्या डोळ्यांत रक्त उतरलं होतं. त्याला मुखवटा दिसला नाही, आणि जन्मदातीही दिसली नाही.

"ए म्हातारे, बाजूला हो! देवी चाललीय, दिसत नाय का?"

त्यानं तिला खांद्यानं रेटलं. कुसाबाई मुखवटा पोटाशी धरून पालथी पडली. वाघ तिच्यावरून गेला, आणि मागून सगळ्या आळीनं देवीच्या नावानं उदो उदो केला.