लाल फुली

ईस्ट टामाकीच्या कारखान्यात पत्र्याची भलीमोठी गुंडाळी उलगडून रमण छपराचे पत्रे कापायचा. पोचा आलेला, रंग उडालेला पत्रा दिसला की मागच्या बाजूला लाल फुली मारून तो भंगारात टाकायचा. भंगाराचं पुढे काय करायचं, ते त्याचा सुपरवायझर आणि जिवलग मित्र मकरंद बघायचा. पुकेकोहेच्या देवळात नवा मंडप उभा राहिला तेव्हा पत्रे मकरंदनेच दिले. "देवाचं काम आहे यार, बेस्टच देणार," असं तो रमणला म्हणाला होता.

रविवारी त्या मंडपात पहिलं कीर्तन रंगलं. रमण झांज वाजवत होता. मध्येच बुवा म्हणाले, "मंडळी, जरा वर बघा. केवढी सावली झाली आपल्याला!"

सगळ्यांच्या माना वर गेल्या. रमणची झांज थांबली. पत्र्यापत्र्यावर त्याच्या हातची लाल फुली होती.

"मकरंदराव, या फुल्या कसल्या हो?" बुवांनी विचारलं.

मकरंद हात जोडून उठला. "बुवा, एकेक पत्रा आमच्या रमणने पारखलाय. ती त्याच्या पसंतीची खूण."

बुवांचे डोळे भरून आले. आपल्या गळ्यातला हार काढून त्यांनी रमणच्या गळ्यात घातला. पहिली टाळी मकरंदने वाजवली.