पिवळी नळी
जपानातल्या नागानोच्या घाटातल्या आमच्या पंपावर पिवळ्या नळीतलं भारी पेट्रोल एकटे मिनेता डॉक्टरच भरायचे. म्हाताऱ्यांना तपासायला बर्फातून वर जाता यावं म्हणून त्यांनी गाडीला टर्बो बसवला. तेव्हापासून ती पेट्रोल जास्त पिऊ लागली आणि साधं चालेना. “एका गिऱ्हाइकासाठी अख्खी टाकी?” बायको करवादायची. “तुझ्या आईसाठी हिमवादळात कोण आलं होतं?” म्हटलं की पिवळी नळी पुसायला घ्यायची. आज डॉक्टर नवी गाडी घेऊन आले. “डोंगरातून बोगदा झाला, आता चढाला टर्बो कशाला? साधंच भरा.” “म्हणजे ती टाकी आता बंद,” बायको बोलून गेली. “मग पिवळ्या नळीच्या बाकी गिऱ्हाइकांचं काय?” डॉक्टरांनी विचारलं. मी घाईघाईनं साधी नळी उचलली; बायको तेवढ्यात पिवळीला कुलूप लावत होती. गिऱ्हाइकाची गाडी निघाली की टोपी काढून वाकायचं, ही इथली रीत. मी वाकणार तोच गाडी थांबली. डॉक्टर उतरले आणि माझ्याआधी, माझ्याहून खाली वाकले.