सुनेची कांगडी

"सुई-बिई काही नको. ती पेटी उचल आणि चालायला लाग," हाजी सनाउल्ला म्हणाला आणि त्याने हुक्क्याची नळी पुन्हा तोंडात घातली.

आरोग्यसेविका मसूदा उंबऱ्यातच ठाण मांडून बसली. बर्फ तुडवत या घरी ती तिसऱ्यांदा आली होती. सून तनवीरा सहा महिन्यांची पोटुशी. तिचा नवरा शाली विकायला कलकत्त्याला गेलेला. तेव्हा तिच्या दंडाचा मालक आता हा म्हातारा सासरा.

"फ्लूची लस आहे, हाजीसाहेब. हजला जाताना मीच टोचली होती तुम्हाला. विसरलात?"

"तेव्हा कागदावर शिक्का हवा होता. हिला कुठं मक्केला जायचंय?"

दोन्ही दीर खिदळले. सासू झूनाही हसली. मसूदाला ही तोंडं पाठ होती. शालीचा एक धागा सुटला तर यांना दहा हातांवरून दिसतो. शेजारी बसलेलं माणूस दिसत नाही.

तनवीरा भिंतीला टेकली होती. पायघोळ फेरनच्या बाह्या रिकाम्या लोंबत होत्या. हात आत, कांगडीवर, पोटाशी धरायच्या वेताच्या शेगडीवर. झूना तिला पाठ लावून आरामात बसली होती.

"कधीपासून असं होतंय गं?" मसूदाने विचारलं.

"काल दुपारपासून. एकाएकी." तनवीरा खोकली. कोरडा, फाटका खोकला. "हाडं कुणी ठेचल्यासारखी... आणि दम लागतोय."

"गार हवा लागलीय," सनाउल्ला परस्पर म्हणाला. "काहवा दिलाय. संध्याकाळपर्यंत उठेल."

मसूदा आत आली. तिने तनवीराच्या कपाळाला हात लावला.

"पोर तापानं भाजतेय. हे साधं पडसं नाही, फ्लू आहे. पोटुशीच्या छातीत उतरला तर दोन जीव जातील. आता लस राहू दे, आधी दवाखाना."

"निखारे पोटाशी घेऊन बसलेली बाई तापणार नाही तर काय गोठणार? हे शिकवतं होय सरकार तुम्हाला?" सनाउल्लाने विचारलं.

पुन्हा हसू. झूनाला तर चेवच आला. "आज हिचीच कांगडी सगळ्यांत गरम आहे बाई. चांगले निखारे स्वतःला भरून घेतलेत. म्हणून मी सकाळपासून हिलाच टेकलेय."

मसूदा तनवीराजवळ सरकली. तिने फेरनखाली हात घातला, वेताची कांगडी बाहेर ओढली आणि सनाउल्लाच्या पुढ्यात उपडी केली.

"अगं बये! गालिचा!" सनाउल्ला किंचाळला. हुक्का कलंडला. सुनेसाठी जागचा न हललेला म्हातारा गालिच्यासाठी गुडघ्यांवर आला आणि दोन्ही हातांनी निखारे झटकू लागला.

निखारा एकही नव्हता. कालची राख होती, बाहेरच्या बर्फाइतकी गार.

"सकाळी तुमच्या चौघांच्या भरल्या," तनवीरा पुटपुटली. "माझी भरायला जोरच उरला नाही."

मसूदाने थोरल्या दिराकडे पाहिलं. "गाडी काढ." तो पळाला.

झूनाने सकाळपासून शेकत ठेवलेली पाठ चटका बसल्यासारखी काढून घेतली.