कॅप्टनच्या गाडीचे दात

“याहून जहाल काही नाही का?” कॅप्टनच्या बायकोने विचारलं.

मास्तरांनी चष्मा कपाळावर चढवला. तीस वर्षांत त्यांच्या गॅरेजमध्ये बायका यायच्या त्या नवऱ्याची गाडी कधी मिळणार हे विचारायला, नाहीतर ती लवकर मिळू नये असं हळूच सुचवायला. मागच्या डिफरन्शियलसाठी क्राउन-पिनियनची, म्हणजे चाकांना जोर पोचवणाऱ्या दातेरी चाकांची, जोडी निवडायला आलेली ही पहिलीच.

“आहे ना, वहिनी. पण ती शर्यतवाल्यांची. आत्ता तुमच्या गाडीचा शाफ्ट तीनदा फिरतो तेव्हा मागचं चाक एकदा फिरतं. ही मधली जोडी टाकली की शाफ्ट चारदा फिरेल. जितके फेरे जास्त, तितका चाकाला जोर जास्त. आणि ही टोकाची.” मास्तरांनी फडक्यातून ती अशी काढली, जणू सराफ तोडे दाखवतोय. “जवळजवळ पाच फेरे. सुटताना गाडी अशी उसळेल की कॅप्टनांची कवळी घशात जाईल.”

“त्यांचे दात स्वतःचे आहेत. हीच टाका.”

“इंजिन फार ओरडेल.”

“ओरडू दे. घरात त्यांना कोणी ओरडू देत नाही.”

कॅप्टन मालवाहू बोटीवरून निवृत्त झाले होते. जन्मभर समुद्रात सायकलच्या वेगाने फिरल्याचं उट्टं ते आता जमिनीवर काढत होते. त्यांची दोन दारांची गाडी मास्तरांनी बारा वर्षं पोटच्या पोरासारखी सांभाळली होती. पण हल्ली कॅप्टनांना ती म्हातारी वाटू लागली होती. तीनशेच्या वेगाने जाणारी नवी गाडी त्यांनी हेरून ठेवली होती आणि सोमवारी ते तिच्यावर सही करणार होते. आज गुरुवार.

“गाडी अशी करा, मास्तर, की ते नवीचं नाव काढणार नाहीत,” वहिनी म्हणाल्या. “ती घरात येता कामा नये. बास, एवढंच माझं मागणं.”

मास्तरांचंही तेच मागणं होतं. नवी आली की जुनी कुणा परक्याच्या दारात जाणार, आणि तो परका तिला कसलंही तेल पाजणार.

“सोमवारी कॅप्टन सही करायला गेले, तर मी गॅरेजची पाटी उतरवून ठेवीन,” मास्तर म्हणाले.

गाडीखालून खोकल्याचा आवाज आला. तो मास्तरांच्या मेहुण्याचा, म्हणजे बायकोच्या भावाचा. माणूस बोलण्यात कंजूष, हात मात्र सोन्याचे.

शुक्रवारभर दोघं कामाला लागले. डिफरन्शियलची जुनी पेटी उतरवली. वळणावर एकच चाक जागच्या जागी फिरून दम वाया घालवत होतं, म्हणून दोन्ही चाकांना जोर वाटून देणारा नवा डिफरन्शियल घातला. त्यात ती जहाल जोडी बसवली. दातांना पिवळा रंग लावून, फिरवून, दात दाताला नेमका कुठे टेकतो ते चार वेळा पाहिलं. संध्याकाळी वहिनी येऊन बघून गेल्या.

“आता एकच राहिलं,” मास्तर हात पुसत म्हणाले. “वेगाचा काटा चालतो पुढे गिअरबॉक्सवर. मागे आपण दात बदलले, हे त्या बिचाऱ्याला कुणी सांगितलेलंच नाही. त्याचा एक छोटा गिअर असतो. तोही बदलू, नाहीतर काटा थापा मारेल.”

“त्या मापाचा नाहीये, दाजी,” मेहुणा म्हणाला. “मागवावा लागेल. आठ दिवस.”

“मग राहू दे की,” वहिनी म्हणाल्या. “सोमवार काही थांबणार नाही.”

शनिवारी सकाळी कॅप्टन गाडी घेऊन गेले. अर्ध्या तासाने परतले तेव्हा केस विस्कटलेले, गाल लाल. मंडईत हरवलेलं पोर सापडावं तसा चेहरा.

“मास्तर, पाठ सीटला चिकटली! आणि सरळ रस्त्यावर काटा दोनशेवीसला टेकवला. पूर्वी दोनशेला थरथरायची. आज हू की चू नाही. काय केलंत काय?”

“अनुभव,” मास्तर म्हणाले.

कॅप्टनांनी तिथूनच शोरूमला फोन लावून नवी गाडी नको म्हणून कळवलं आणि ते दुसरी फेरी मारायला निघून गेले.

मास्तरांनी आवाज खाली आणला. “वहिनी, त्यांना सांगायला हवं. काटा दोनशेवीस म्हणतो तेव्हा गाडी खरी एकशेचाळीसवर असते. आणि त्यापुढे ती जाणारच नाही. इंजिनचा दम तिथेच संपतो.”

“माहीत आहे,” वहिनी म्हणाल्या. “मला अजून वीस वर्षं त्यांच्याशी भांडायचंय.”

मास्तर मांडीवर थाप मारून हसले.

“मानलं तुम्हाला. पण हे कॅप्टनांसारख्यालाच खपतं हो. समुद्रातला माणूस, काटा सांगेल ते खरं. आमच्यासारख्याला फसवून दाखवा! मांडीखाली गाडी आली की वेग अंगाला कळतो. मी रोज सकाळी माझी गाडी दोनशेला टेकवतो. दगडासारखी स्थिर. दोन वर्षांपूर्वी मी डोळ्याच्या ऑपरेशनला गेलो होतो, तेव्हा ह्या मेहुण्याने तिच्या डिफरन्शियलचं तेल बदललं. नुसतं तेल. तेव्हापासून अशी ओढते की विचारू नका.”

मेहुणा जवळच्या गाडीखाली सरकला. तिथे काहीच काम नव्हतं.

“हो, तुमच्या मिसेसनी सांगितलं मला,” वहिनी म्हणाल्या. “म्हणून तर मी त्यांच्या भावाकडे आले.”