कृपेची साक्ष

देवाची कृपा अंतरात उतरल्याची साक्ष जो सभेपुढे देईल, त्याच्याच लेकराला बाप्तिस्मा. मॅसॅच्युसेट्समधल्या त्या वस्तीचा हा नियम म्हाताऱ्या ओबडायानेच घातलेला. आज त्याच्यापुढे त्याचाच मुलगा जोथम उभा होता, तापाने फणफणलेलं तान्हं छातीशी धरून.

"उतरली कृपा?"

"नाही, बाबा. वाट बघतोय."

"उतरली म्हण की रे!" मागून आई कळवळली. "बाकीचे काय सगळे खरं बोलले?"

"खोटं बोलायचं नाही, हे बाबांनीच शिकवलंय ना, आई."

बिशपच्या सक्तीने खोटी प्रार्थना म्हणायला नको, म्हणून तर ओबडायाने विलायत सोडून समुद्र ओलांडला होता.

नातवाकडे न बघता तो म्हणाला, "पुढचा कोण?"

बाकांवरची तरणी जोडपी लेकरं कडेवर घेऊन साक्ष न देताच दाराकडे निघाली होती.